आवाज एकाचाच का बसतो?



बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ते साऱ्या वऱ्हाडात ठाऊक झाले. दरसाल विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे जी पंगत बसते, तिची गोष्ट पंचक्रोशीतील लहान पोरेही सांगतात. शेतेच्या शेते माणसांनी भरून जातात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढायला येते, आणि लाखांच्या संख्येने माणसे जेवून उठतात. थंडीचे दिवस असतात. एवढ्या गर्दीत कोणी खोकतो, कोणी शिंकतो. पण म्हणून सगळेच पडसे घेऊन घरी जातात काय? तसे होत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या दोघा भावांपैकी एक चार दिवस अंथरूण धरतो आणि दुसरा सकाळी उठून वावरात जातो. अन्न तेच, वारा तोच, आईबापही तेच. मग हा फरक कोठून आला?

शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. तुरीवर मर रोग येतो, त्याची बुरशी मातीत साऱ्या वावरभर असते. तरी एक वाण उभ्याउभ्या वाळून जातो आणि धुऱ्यापलीकडचा दुसरा वाण त्याच मातीत तग धरतो. हिवरा आश्रमाला कृषी महाविद्यालय आहे; तेथील विद्यार्थ्याला विचाराल तर तो चटकन सांगेल, की पहिला वाण रोगाला बळी पडणारा आणि दुसरा रोगप्रतिकारक. बियाण्यातच तो गुण असतो. हीच गोष्ट माणसाच्या बाबतीत समजायला मात्र जगाला फार वेळ लागला. त्या वाटचालीचा एक धडा आज सांगायचा आहे, आणि तो सांगण्यासाठी एक दुर्मीळ रोग निवडला आहे. रोग दुर्मीळ आहे, पण त्याने शिकवलेली गोष्ट सर्वांच्या कामाची आहे.

या रोगाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे : रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. आपल्या भाषेत सांगायचे तर श्वासाच्या वाटेत पुन्हापुन्हा उगवणाऱ्या चामखिळी. हातावरची चामखीळ सर्वांनी पाहिलेली असते. तिच्याच जातीच्या, पण मऊ आणि तुतीच्या फळासारख्या दाणेदार गाठी स्वरयंत्रावर येतात. स्वरयंत्र म्हणजे आवंढा गिळताना गळ्यात वरखाली होते ती पेटी. तिच्यात दोन स्वरतंतू असतात. भजनातल्या पेटीचे सूर जसे भात्याच्या वाऱ्याने थरथरतात, तसे हे तंतू छातीतून येणाऱ्या वाऱ्याने थरथरतात आणि आवाज निघतो. त्यांच्यावर गाठ आली की आवाज घोगरा होतो. गाठी वाढल्या की श्वासाची वाटच अरुंद होते. मोठ्या माणसांनाही हा रोग होतो. पण लहान मुलाची वाट मुळातच बारीक, म्हणून त्याच्या जिवावर बेतते.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. तिचे कर्करोगात रूपांतर झाले तर ते क्वचितच. पण ती हट्टी आहे. डॉक्टर दुर्बिणीतून पाहून ती काढून टाकतात, मूल चांगले बोलू लागते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ पुन्हा उगवते. अशी काही मुले आहेत की ज्यांना बालपणातच अनेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. १९९५ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत एक लाख मुलांमागे सुमारे चार मुलांना हा रोग आढळला. म्हणजे शाळेतल्या शिक्षकाला सबंध नोकरीत असे एकही मूल भेटणार नाही, असेही होईल. पण भेटलेच, तर त्याला ओळखणारा पहिला माणूस बहुधा शिक्षकच असेल. ते कसे, हे पुढे सांगतो.

हा रोग जुनाच आहे. पण तो डोळ्यांनी दिसू लागला तो एका गाण्याच्या मास्तरांमुळे. मान्युएल गार्सिया हे स्पॅनिश घराण्यातले गायन-शिक्षक. शिष्यांचा आवाज कोठे आणि कसा तयार होतो, हे त्यांना पाहायचे होते. १८५४ साली त्यांनी दाताच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचे ऊन पाडले आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तोवर जिवंत माणसाचे स्वरयंत्र आत डोकावून पाहण्याची सोपी रीतच हाती नव्हती. घसा बसलेले, घुरघुरत श्वास घेणारे मूल दगावले तर घटसर्प म्हणा, दमा म्हणा, नाहीतर दैव म्हणा, एवढेच लोकांच्या हाती होते.

आरसा हाती आला आणि चित्र बदलले. लंडनचे घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी १८७१ साली स्वरयंत्रातील गाठींवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ओळीने पाहिलेल्या शंभर रोग्यांच्या नोंदी दिल्या होत्या आणि या चामखिळीसारख्या गाठी इतर गाठींपासून वेगळ्या काढल्या होत्या. गाठ दिसली, तिला नाव मिळाले. पण ती येते कशाने? मूल फार रडले, ओरडले, त्याला वरचेवर सर्दी झाली, अशी उत्तरे निघत. म्हणजे दोष पोरावर, नाहीतर हवेवर.

खरे उत्तर चामखिळीकडूनच आले. इटलीतील डॉक्टर ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क अत्यंत बारीक गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जंतूही पलीकडे जात नाहीत. तो गाळलेला अर्क त्यांनी स्वतःच्या हातावर टोचून घेतला, आणि तेथे चामखीळ उगवली! याचा अर्थ, चामखिळीचे बीज जंतूपेक्षाही सूक्ष्म होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. १९२३ साली उल्मान या डॉक्टरांनी एका लहान मुलाच्या स्वरयंत्रातून काढलेल्या गाठीचा अर्क आपल्या हाताला टोचून पाहिला, आणि त्यांच्याही हातावर चामखिळी आल्या. हातावरची चामखीळ आणि गळ्यातली गाठ ही एकाच कुळातली भावंडे ठरली. स्वतःच्या देहावर असे प्रयोग करण्याची रीत आज कोणी मान्य करणार नाही. पण त्या दोघांच्या हातांवर उगवलेल्या चामखिळींनी वादाचा निकाल लावला, हे खरे.

या विषाणूंच्या कुळाला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आता माहीत आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. काही प्रकार हातापायांवर चामखीळ आणतात. १६ आणि १८ हे प्रकार स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हारल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ६ व ११ हे प्रकार गळ्यातल्या गाठींचे मूळ आहेत.

येथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. १९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. कर्नाटकातील शिमोगा भागात १९५७ साली जंगलातली माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला, तेव्हा त्या क्यासनूर तापाचा शोध याच केंद्राने घेतला. त्या कामात कीर्ती शहा नावाचे तरुण डॉक्टर होते. पुढे ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि तेथे आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पॅपिलोमा विषाणूंच्या अभ्यासाला दिला. मुलांच्या आणि मोठ्यांच्या स्वरयंत्रातील गाठींत हा विषाणूच असतो, हे १९८२ साली ज्या शोधनिबंधांनी पक्के केले, त्यांतल्या एकावर शहांचे नाव आहे.

मग पुढचा प्रश्न : तान्ह्या मुलाच्या गळ्यात हा विषाणू जातोच कसा? १९५६ साली हाजेक नावाच्या डॉक्टरांनी लक्षात आणून दिले होते, की अशा मुलांच्या आयांना पुष्कळदा प्रसूतिमार्गात चामखिळी झालेल्या असतात. बाळंतपणात विषाणू मुलाच्या घशात जात असावा. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली आणखी एक गोष्ट मांडली, ती ही, की पोट चिरून जन्मलेली मुले या रोग्यांत फारच थोडी आहेत. झाले! दोष आता आईकडे आला. आधी पोर ओरडते म्हणून, आता आई अशी म्हणून. आपल्या घरांत असे झाले तर सुनेचे काय हाल होतील, ते मी सांगायला नको.

परंतु आकडे नीट पाहिले म्हणजे ही बोलणी टिकत नाहीत. डेन्मार्क या छोट्या देशात जन्माच्या आणि आजारांच्या नोंदी फार काटेकोर ठेवतात. त्या नोंदींवरून काढलेला हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासकांतही कीर्ती शहा होतेच. गरोदरपणात चामखिळी असलेल्या स्त्रियांची तीन हजारांवर बाळंतपणे त्यांनी तपासली. अशा दर हजार जन्मांमागे सुमारे सात मुलांना गळ्याचा रोग झाला होता. इतर मुलांच्या मानाने हे प्रमाण शेकडो पटींनी जास्त आहे, हे खरे. पण उरलेल्या नऊशे त्र्याण्णवांचे काय? त्यांच्याही आयांना तीच चामखीळ होती, तीही त्याच वाटेने जगात आली, आणि त्यांचा आवाज शाबूत राहिला. शिवाय त्या स्त्रियांत पोट चिरून बाळंतपण केल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. तेव्हा केवळ विषाणू मिळाला म्हणजे रोग झाला, असे म्हणता येत नाही. बी पडले, पण ते रुजायला जमीनही तशी लागते.

ही जमीन म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी पुन्हा क्षणभर शेतात जाऊ. १९०५ साली केंब्रिजचे रोलंड बिफेन यांनी गव्हावर प्रयोग केले. तांबेऱ्याला बळी पडणारा गहू आणि तांबेऱ्याला दाद न देणारा गहू यांचा संकर केला. पुढच्या पिढ्यांत हा गुण मेंडेल यांनी वाटाण्यात पाहिलेल्या नियमानेच उतरतो, हे त्यांना आढळले. पुढे अमेरिकेत हॅरल्ड फ्लोर यांनी आपल्या परिचयाच्या जवसावर काम केले. जवसात प्रतिकाराचे एक जनुक असेल, तर तांबेऱ्यातही त्याच्या जोडीचे जनुक असते. रोग होतो की नाही, हे त्या दोघांच्या गाठीवर ठरते, असे त्यांनी दाखवले. जनुक म्हणजे आईबापांकडून मिळालेली शरीरघडणीची लेखी सूचना समजा. प्रत्येक सूचनेची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून.

माणसाच्या बाबतीत चामखिळीच्या विषाणूने हीच गोष्ट शिकवली. १९२२ साली लेवांडोव्स्की आणि लुट्झ या दोन डॉक्टरांनी एका विलक्षण त्वचारोगाचे वर्णन लिहिले. रोग्याच्या अंगावर लहानपणापासून सपाट चामखिळींचे थर येत आणि जन्मभर जात नसत. पुढे असे रोगी आणखी सापडले आणि लक्षात आले, की त्यांच्यापैकी पुष्कळांचे आईवडील आपसांत नात्यातले असतात. ज्या विषाणूंनी हे घडत होते, ते विषाणू तर असंख्य निरोगी माणसांच्या कातडीवर मुकाट्याने राहत होते! २००२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने या रोगाची दोन जनुके सापडली. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या म्हणजे कातडीच्या पेशींना त्या विशिष्ट विषाणूंना आवर घालता येत नाही. इतर रोगांशी मात्र ही माणसे तुमच्या-आमच्यासारखीच लढतात. एका कुलपाची किल्ली हरवली, बाकी दारे बंदच राहिली, असा हा प्रकार आहे.

गळ्यातल्या गाठींच्या बाबतीत पहिला धागा मिळाला तो १९८३ साली. बेट्टी स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गाठी नाहीशा झालेल्या रोग्यांच्या गळ्यातला निरोगी दिसणारा भाग तपासला. त्यातही विषाणू होताच, पण निपचित. म्हणूनच गाठ कितीही सफाईने कापली तरी ती परत येऊ शकते. काँग्रेस गवत वरून कापले तरी मातीत बी राहते, तसेच हे. आणि येथेच खरा प्रश्न पुढे आला. विषाणू निपचित पडलेला असताना एकाच्या शरीरात तो तसाच का राहतो, आणि दुसऱ्याच्या शरीरात डोके वर का काढतो?

शोध घेता घेता शास्त्रज्ञ शरीराच्या पहाऱ्यापर्यंत पोचले. पेशींच्या अंगावर काही रेणू असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्यांचे काम गावच्या कोतवालासारखे. पेशीत शिरलेल्या परक्याचा एखादा तुकडा पकडून तो चावडीवर, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींपुढे, हजर करायचा. या रेणूंची घडण घराण्यागणिक वेगळी असते. अमेरिकेत व्हिन्सेंट बोनागुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या रोग्यांत एचएलएचा एक विशिष्ट नमुना अपेक्षेपेक्षा अधिक आढळला. म्हणजे काही जणांचा कोतवाल या एका चोराला ओळखण्यात कच्चा असावा. पण लक्षात ठेवा, तोच नमुना असलेली हजारो माणसे ठणठणीत असतात. हा कल आहे, विधिलिखित नव्हे.

२०१९ साली मात्र एका घरातले उत्तर स्पष्ट मिळाले. दोन सख्ख्या भावंडांना लहानपणापासून गळ्यात गाठी येत होत्या. त्यांची सारी जनुके वाचून पाहिली, तेव्हा एनएलआरपी १ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच तऱ्हेने बदललेल्या आढळल्या. हे जनुक म्हणजे शरीरातली धोक्याची घंटा. त्या भावंडांत ती घंटा गरज नसतानाही वाजत होती. पहारा ढिला पडला म्हणजे रोग होतो, एवढेच आपण समजत होतो. पहाऱ्याचा गोंगाट फाजील वाढला तरीही घात होऊ शकतो, हे या घराने दाखवले. सगळ्याच रोग्यांत हे जनुक बदललेले नसते. बहुतेकांत लहानलहान अनेक कारणे एकत्र येत असावीत. पण "याच पोराला का?" या आईच्या प्रश्नाला शास्त्राने प्रथमच एका घरात नाव-पत्त्यासह उत्तर दिले.

दोन्ही प्रती सारख्या असण्याचा मुद्दा निघाला म्हणजे आपल्याकडच्या सोयरिकींचा विचार करणे भाग आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवर जे पुस्तक लिहिले, त्यात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधले संक्रमणाचे क्षेत्र म्हटले आहे. उत्तरेकडे नात्यात लग्न चालत नाही, दक्षिणेकडे ते पसंत करतात, आणि आपल्याकडे पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि लालचंद संघवी यांनी वेगवेगळ्या ज्ञातींच्या रक्तातले आनुवंशिक गुण तपासून १९४९ साली त्यांचा तपशील प्रसिद्ध केला. १९५६ साली संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील बारा ज्ञातींमध्ये नात्यातली लग्ने किती होतात, याची मोजदाद मांडली. मधल्या काळात, १९५२ साली, डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवाच रक्तगट शोधला. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. या गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. हा गट तेव्हाच दिसतो, जेव्हा आई आणि वडील दोघांकडून तीच दुर्मीळ प्रत येते.

याचा अर्थ, मामाची मुलगी केली की पोर आजारी होणारच, असा कोणी काढू नये. बहुतेक अशा जोडप्यांची मुले निरोगी असतात. पण एकाच आजोबांकडून आलेली दुर्मीळ प्रत दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव नात्यातल्या लग्नात वाढतो, हे हिशेबाने खरे आहे. एखाद्या घरात एकाहून अधिक मुलांना विचित्र, दुर्मीळ, हट्टी आजार झाला असेल, तर पुढची सोयरीक जुळवण्यापूर्वी त्या घराने डॉक्टरांना नात्याची माहिती मोकळेपणी सांगावी. लपवण्याने कोणाचे भले होत नाही.

आता उपायाकडे वळू. जनुके आपल्याला बदलता येत नाहीत. पण बीच पडू दिले नाही, तर जमीन कशीही असली तरी चिंता उरत नाही. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जियान झोउ आणि इयान फ्रेझर यांनी विषाणूचे नुसते रिकामे कवच तयार केले. आत दाणा नसलेल्या शेंगेसारखे. शरीर त्या कवचाची ओळख पटवून ठेवते आणि खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवते. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवरची लस २००६ साली आली. ऑस्ट्रेलियाने ती २००७ पासून देशभर मुलींना द्यायला सुरुवात केली. मग तेथल्या डॉक्टरांनी गळ्याच्या या रोगाची नवी मुले मोजायला घेतली. २०१२ साली सात मुले सापडली होती. २०१६ साली सापडले एक. आणि या पाच वर्षांत सापडलेल्या मुलांपैकी एकाही मुलाच्या आईला गरोदरपणापूर्वी ती लस मिळालेली नव्हती. लस टोचली मुलीच्या दंडाला, आणि आवाज वाचला तिच्या पुढे होणाऱ्या बाळाचा!

आपल्याकडे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने याच चार प्रकारांवर सर्वाव्हॅक ही लस तयार केली. तिला जुलै २०२२ मध्ये भारत सरकारच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ही लस मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे, आणि तो कर्करोग आपल्या खेड्यांना परका नाही. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या आणि मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयांनी १ लाख ३१ हजारांवर ग्रामीण स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास केला. त्यात ज्यांची या विषाणूसाठी तपासणी झाली, त्यांच्यापैकी दर शंभरांत सुमारे दहा जणींमध्ये कर्करोगाशी संबंधित प्रकार आढळले. कर्करोग मात्र त्यांतल्या फार थोड्या जणींना झाला. विषाणू पुष्कळांना आणि रोग थोड्यांना, हाच न्याय तेथेही दिसला. आणि जेथे ही तपासणी एकदा जरी केली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मराठी आयाबहिणींमुळे साऱ्या जगाला मिळालेली ही शिकवण आहे.

लस प्रतिबंधासाठी आहे. तिने झालेला रोग बरा होतो असे समजू नये. रोग झालाच तर गाठी काढणे हाच आजही मुख्य उपचार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्रौढ रोग्यांसाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला या विषाणूची ओळख करून देणारे औषध मंजूर झाले, ही आशेची बातमी आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. हा रोग बहुतेक मुलांत पाच वर्षांच्या आत दिसू लागतो, म्हणजे अंगणवाडीच्या वयात. सर्दी-पडशाने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. पण एखाद्या मुलाचा आवाज तीन-चार आठवडे घोगराच राहिला, दिवसेंदिवस बारीक होत गेला, रडताना आवाज फुटेनासा झाला, किंवा श्वास घेताना शीळ वाजल्यासारखी होऊ लागली, तर "ओरडून ओरडून घसा बसला असेल" म्हणून गप्प बसू नका. अशा मुलांना पुष्कळदा दम्याचे औषध महिनोन्‌महिने दिले जाते आणि खरा आजार मागे राहतो. पालकांना सांगून मुलाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. जिल्हा रुग्णालयात किंवा अकोला, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बारीक दुर्बिणीने स्वरयंत्र पाहता येते. गार्सियांच्या आरशाचीच ती नात. आणि श्वास घेताना मुलाच्या छातीत खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर एक तासही थांबू नका.

अशा मुलाला वर्गात दूर बसवू नका. शेजारी बसल्याने, एका डब्यातले खाल्ल्याने हा रोग लागत नाही. कवितापाठाच्या वेळी पोरे त्याच्या आवाजाला हसली, तर त्यांना समजावा. तोंडी परीक्षेत त्याला लिहून उत्तर देऊ द्या. आणि त्याची आई तुमच्याकडे आली, तर तिला एवढे जरूर सांगा, की बाई, यात तुमचा अपराध नाही. जो विषाणू हजारोंच्या वाट्याला येतो आणि निमूट निघून जातो, तो तुमच्या मुलापाशी अडला, कारण त्याच्या देहाची घडण या एका बाबतीत वेगळी आहे. ती घडण कोणी मागून घेतलेली नाही. तुरीचा दाणा मर रोगाला बळी पडला म्हणून शहाणा शेतकरी दाण्याला शिव्या देत नाही. तो पुढच्या पेरणीची तजवीज करतो.